आडोशाच्या पाण्यात कयाक: पाळोळ्यात पहिल्यांदा वल्हवणाऱ्यांसाठी

पाळोळ्याला गेलेले बहुतेक पर्यटक कयाक घेतात ती संध्याकाळी चार-साडेचारला, सूर्यास्त बघायचा म्हणून. तेव्हा समुद्राकडून वारा सुटलेला असतो, समोरचं ऊन थेट डोळ्यांत येतं, डॉल्फिन दाखवायला निघालेल्या होड्यांची ये-जा चालू असते आणि खडकांवरचे पक्षी केव्हाच उठून गेलेले असतात. अर्ध्या तासात खांदे भरून येतात, दोन फोटो निघतात आणि कयाकिंग ‘झालं’. तीच कयाक सकाळी घेतली आणि वल्हवण्यापेक्षा थांबण्यावर भर दिला, तर त्याच पाण्यात समुद्र गरुड, बगळे, खंड्ये, खेकडे आणि नशीब असेल तर डॉल्फिनही दिसतात. हा लेख त्या सकाळच्या फेरीसाठी आहे. याआधी कधीच वल्हं हातात धरलं नाही, असं गृहीत धरून लिहितो.

जागा

दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात पाळोळे आहे. मडगावहून सुमारे ४० किलोमीटर. कोकण रेल्वेचं काणकोण स्टेशन अगदी जवळ, तिथून रिक्षा मिळते. विमानाने येणार असाल तर दाबोळी जवळ पडतं. मोपाचा विमानतळ राज्याच्या उत्तर टोकाला आहे, तिथून अख्खा गोवा ओलांडून यावं लागतं.

किनारा चंद्रकोरीसारखा, पश्चिमेकडे तोंड केलेला. दोन्ही टोकांना खडकाळ डोंगरसोंडा पाण्यात उतरल्या आहेत आणि उत्तरेच्या टोकापुढे झाडीने भरलेलं काणकोण बेट आहे. बाहेरून येणारी लाट या सोंडांवर आणि बेटावर आपटून मोडते, म्हणून हिवाळ्यात आतलं पाणी बऱ्याचदा तळ्यासारखं शांत असतं. तळही हळूहळू उतरत जातो, एकदम खोल होत नाही. उत्तरेच्या टोकालाच एक छोटी खाडी समुद्राला मिळते. तिच्या काठाने कांदळवन आहे. म्हणजे उघडी वाळू, खडक, बेट आणि खाडी या चारही गोष्टी नवख्या माणसाच्या टप्प्यात. कोकणपट्टीवर असा योग फार ठिकाणी जुळत नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात पाऊस ओसरलेला असला तरी पाणी गढूळ असतं आणि लाटांचा जोर पुरता गेलेला नसतो. मार्च-एप्रिलमध्ये जाता येतं, पण दहानंतर ऊन सोसवत नाही आणि दुपारचा वारा लवकर सुटतो. पावसाळ्यात कयाकचा विचारही नको. मासेमारी करणारे लोकसुद्धा तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मी तरी टाळेन. पाण्यात माणसं आणि होड्याच जास्त.

वेळ सकाळची. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण मागे डोंगर आणि माड असल्यामुळे पाण्यावर ऊन यायला आणखी वेळ लागतो. बेटाकडे पाहताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो, त्यामुळे पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. संध्याकाळी नेमकं उलट होतं, सगळे पक्षी काळे.

यात दोन व्यावहारिक अडचणी आहेत. एक, कयाक भाड्याने देणारे एवढ्या लवकर येत नाहीत. म्हणून आदल्या संध्याकाळीच किनाऱ्यावर जाऊन बोलून ठेवा: “भाऊ, उद्या सकाळी सातला कयाक हवी आहे, जॅकेट आजच बघून ठेवतो.” दर, वेळ आणि कुठपर्यंत जायची मुभा हे तेव्हाच ठरवून घ्या. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत असतात. त्याआधी पाण्यात उतरलात तर कुणी पाहत नसतं. तेव्हा साडेसातपर्यंत वाळूलगत, कमरेएवढ्या पाण्यात सराव करा. बेटाकडे तोंड वळवायचं ते जीवरक्षक मनोऱ्यावर दिसल्यावर. एकट्याने तर नाहीच.

भरतीचं गणित आधी, वल्हं नंतर

नवखे लोक हवामानाचं ॲप बघतात आणि भरती विसरतात. खरं तर पाळोळ्याची सकाळ कशी जाईल हे भरतीच ठरवते. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी इतकं कमी पाणी उरतं की कयाक वाळूत घासते, आणि आत गेलेला माणूस चिखलात अडकतो.

आपल्याकडचा जुना हिशेब अजूनही कामाचा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा; तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. मात्र हा हिशेब मुंबईच्या पाण्याचा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून गोव्यात ती साधारण तासभर आधी येते. द्वादशीला पाळोळ्यात आठच्या आसपास, चतुर्दशीला साडेनवाच्या आसपास.

यावरून दिवस निवडणं सोपं होतं. खाडीत शिरायचं असेल तर त्रयोदशी किंवा चतुर्दशी, शुक्ल पक्षातली असो की कृष्ण. सकाळी साडेसातला निघालात की पाणी अजून चढतंय, आणि परतताना ओहोटीचा हलका धक्का पाठीशी. तृतीया-चतुर्थीच्या सकाळी मात्र पाणी पार उतरलेलं असतं. खाडी बंद, पण बेटाजवळचे खडक उघडे पडतात आणि चरणारे पक्षी तिथे उतरतात. तो दिवस खडकांसाठी ठेवा.

हा हिशेब अंदाजापुरता. निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक पाहून खात्री करा, फोनवर सहज मिळतं. त्यात उंचीही दिलेली असते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाणाची भरती, तेव्हा इथे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक मीटरभराच्या आसपास. उधाणाला खाडीच्या तोंडाशी ओढ जोरदार असते, भांगाला मवाळ. आणखी एक लक्षात ठेवा: सहा तासांत पाणी एकसारखं उतरत नाही. पहिल्या तासात थोडंसं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं. म्हणून भरती पूर्ण झाल्यावर तासाभरात खाडीतून बाहेर या. “अजून थोडं आत जाऊ” असं म्हणणारा सोबती असेल तर त्याला परतीच्या वाटेवर पुढे बसवा.

वारा: सकाळचा शांत वाराच फसवा

हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. नऊ-दहाच्या सुमाराला तो पडतो, काही वेळ सगळं स्तब्ध असतं, मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. लोकांना भीती वाटते ती दुपारच्या लाटांची. पण तो वारा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतो. भिजाल, दमाल, पण याल.

सकाळचा वारा बाहेर नेतो. त्यातली मेख अशी की वाळूवर उभं राहिलं तर तो जाणवतच नाही, कारण मागे माड आणि डोंगर आहेत. दोनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो आणि कयाक आपोआप पुढे सरकायला लागते. नवख्याला वाटतं, आपलं वल्हवणं किती छान जमतंय.

यावर साधी युक्ती आहे. थोडं आत गेल्यावर वल्हं मांडीवर ठेवा आणि किनाऱ्यावरच्या एका रेषेतल्या दोन वस्तू निवडा. जवळचा एखादा माड आणि त्याच्या मागचं छप्पर, समजा. मिनिटभर स्वस्थ बसा. दोन्ही एका रेषेत राहिल्या तर बाजूला वाहत नाही आहात. माड छपरावरून सरकू लागला तर तुम्ही आडवे वाहताय. मग तोंड किनाऱ्याकडे वळवा आणि दहा वल्ही मारून बघा, अंतर कापलं जातं का. कापलं जात नसेल तर फेरी तिथेच संपवा, उद्या या.

आकाश निरभ्र असलं म्हणजे समुद्र शांत, असंही नाही. फार लांब, हिंदी महासागराच्या दक्षिणेकडे उठलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचतात, विशेषतः उन्हाळ्यात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, तो पाहायची सवय लावा. आणि किनाऱ्यावर जाळी साफ करत बसलेल्या माणसाला विचारा, “दादा, आज बाहेर कसं आहे?” त्याने नुसती मान हलवली तरी समजून घ्या.

अंगावर काय, बरोबर काय

लाइफ जॅकेट आधी. घालून सगळे बक्कल लावा आणि सोबत्याला खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. दुसरं मागा. “पोहता येतं मला” म्हणून ते मांडीखाली घेऊन बसणारे दिसतात. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणं किती अवघड असतं हे त्यांनी एकदा कमरेएवढ्या पाण्यात करून पाहावं.

जीन्स नको, भिजली की जड होते. पूर्ण बाह्यांचा लवकर वाळणारा टी-शर्ट, दोरीची टोपी, चष्म्याला दोरी. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट, कारण खडकांवर कालवं (घट्ट चिकटलेले शिंपले) असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी लागते. जॅकेटला शिट्टी बांधलेली असावी. नसेल तर दहा-वीस रुपयांची घेऊन बांधा. लिटरभर पाणी. फोन पाण्यापासून वाचवणाऱ्या पाकिटात, आणि ते पाकीट जॅकेटला अडकवलेलं. दुर्बीण असेल तर ८ पट मोठं दाखवणारी पुरे. हलत्या कयाकमध्ये त्याहून जास्त ताकद म्हणजे नुसती थरथर. चिप्सची पाकिटं किनाऱ्यावरच राहू द्या.

कयाकही तपासा. पाळोळ्यात मिळतात त्या बहुतेक वर उघड्या बसायच्या प्लास्टिकच्या कयाक. शिकायला याच बऱ्या, उलटल्या तरी आत पाणी साचून बुडत नाहीत. पण मागच्या बाजूला आतलं पाणी काढायचं एक बूच असतं. ते घट्ट बसलंय ना, हे स्वतः हात लावून बघा. कयाक थोडी हलवा. आत पाण्याचा डुबडुब आवाज आला तर आधी ते काढून घ्या.

पहिला अर्धा तास: कमरेएवढ्या पाण्यात

१. कयाक दोघांनी उचलून गुडघाभर पाण्यात न्या, टोक लाटेकडे. आधी मधोमध बूड टेकवा, मग पाय आत घ्या. उभं राहून चढायला गेलात की उलटलात.

२. दोघांची कयाक असेल तर वजनदार माणूस मागे. पुढचा लय धरतो, मागचा ती पाहून वल्हवतो आणि दिशा सांभाळतो. नवरा-बायकोची भांडणं इथेच होतात, म्हणून कोण काय करणार हे वाळूवरच ठरवा.

३. वल्हं डोक्यावर आडवं धरा. कोपर काटकोनात येतील तेवढं हातांचं अंतर ठेवा. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे.

४. पातं पायांच्या शेजारी पाण्यात घाला आणि कमरेपाशी बाहेर काढा. त्यापुढे ओढलं तर नुसतं पाणी उपसलं जातं. जोर दंडातून नको. कंबरेपासून वरचं अंग वळवा. दंडाने वल्हवणारा पंधरा मिनिटांत थकतो.

५. वळायचं असेल तर एका बाजूने मोठा अर्धवर्तुळाकार फटकारा मारा. थांबायचं असेल तर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उलटं वल्हवा.

६. आता मुद्दाम पडा. हो, पहिल्याच दिवशी. कयाक सुलटी करा, मधोमध बाजूला या, पाय मागे पाण्यावर तरंगू द्या, लाथ मारत पोट कयाकवर घ्या, मग कूस बदलून बसा आणि शेवटी पाय आत. दोन-तीनदा जमलं की भीती निघून जाते. जमलं नाही तर त्या दिवशी बेटाकडे जायचं नाही, एवढा नियम मी कुणासाठीही शिथिल करणार नाही.

पोहता येत नसेल तर? जॅकेट घालून, जाणत्या माणसाबरोबर, शांत पाण्यात हरकत नाही. पण नाकातोंडात पाणी गेल्यावर हातपाय गळत असतील तर आधी तलावात महिनाभर घालवा.

वाट

किनाऱ्याच्या मधल्या भागातून निघा आणि वाळूला समांतर, साधारण शंभर मीटर अंतर ठेवून उत्तरेकडे जा. पर्यटकांच्या मोटारहोड्या कुठून सुटतात ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. ती पट्टी सरळ काटकोनात ओलांडायची, तिच्यावर रेंगाळायचं नाही. होडीची लाट आली तर टोक लाटेकडे फिरवा. आडव्या कयाकला छोटी लाटही उलटवते.

सकाळी कधी कधी रापण ओढत असतात. वाळूवर दोन ठिकाणी माणसांच्या रांगा दोर ओढताना दिसल्या की त्या दोरांच्या मधलं सगळं पाणी जाळ्याचं समजा आणि बाहेरून वळसा घाला. पाण्यावर तरंगणारे डबे, थर्माकोलचे तुकडे, काठीवरचा फडका हीही जाळ्यांचीच खूण. उलांडीच्या, म्हणजे तोल राहावा म्हणून बाजूला लाकूड बांधलेल्या, होड्यांपासूनही अंतर ठेवा. उलांडी एका बाजूला बरीच लांब आलेली असते आणि नवख्याच्या ती नजरेत येत नाही.

बेटाच्या आतल्या, किनाऱ्याकडच्या बाजूला या. ती तुमची हद्द. बेटाला बाहेरून फेरी मारायचा मोह होतो, पण बाहेरच्या खडकांवर फुटणारी लाट आतून दिसत नाही. बटरफ्लाय बीच किंवा दक्षिणेची कोळंबची खाडी हे नंतरचे धडे, तेही स्थानिक माणूस बरोबर घेऊन. बेटापासून मग भरती असेल तर खाडीत.

खडकांवर

खडकांपासून तीस-चाळीस मीटरवरच वल्हवणं थांबवा. वल्हं मांडीवर आडवं. कयाक तिच्या वेगाने सरकू द्या. सरळ पक्ष्याच्या रोखाने जाऊ नका. तिरकं जा, जणू तुम्हाला दुसरीकडेच जायचंय. पक्षी दाखवायला वल्हं उचलून बोट केल्यासारखं करू नका, तेवढ्यानेच सगळे उडतात. “ते बघ ते बघ” असं ओरडण्यापेक्षा घड्याळाचे काटे ठरवून घ्या: कयाकचं टोक म्हणजे बारा, मग हलक्या आवाजात “दोनवर, खालच्या खडकावर”.

सगळ्यात आधी दिसेल तो समुद्र बगळा. हा दोन रंगांत येतो, एक पाटीसारखा करडा, गळ्याशी पांढरा ठिपका. दुसरा पूर्ण पांढरा. पांढऱ्याला लोक छोटा बगळा समजतात. चोच पाहा: छोट्या बगळ्याची काळी आणि बारीक, याची जाडसर, पिवळट-तपकिरी. शिकार करताना हा पंख अर्धे पसरून पाण्यावर पुढे-मागे नाचल्यासारखा धावतो, मग एकदम गोठतो. पाहणाऱ्याचं अर्धं कसब तेव्हा लागतं, कारण तुम्हीही गोठायचं असतं. त्याने मान उंच ताणली, शिकार सोडून तुमच्याकडे पाहायला लागला, एक पाऊल मागे घेतलं, की समजा तुम्ही फार जवळ आलात. हळूच उलटं वल्हवून मागे सरका. तो पुन्हा खाली मान घालून कामाला लागला तर तुमचं अंतर बरोबर.

वर पाहायला विसरू नका. तांबूस अंग आणि पांढरं डोकं असलेली ब्राह्मणी घार सारखी दिसेल. तिच्याहून बराच मोठा, खालून पांढरा, पंखांची कड काळी आणि शेपटी आखूड पाचरीसारखी, तो समुद्र गरुड. हिवाळा हा त्याचा विणीचा काळ. काठावरच्या एखाद्या उंच झाडावर काटक्यांचा मोठा ढीग दिसला आणि गरुड वरून ओरडत घिरट्या घालायला लागला तर तिथे थांबू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. नर-मादी घरट्यावरून उठून राहिली तर पिल्लं उन्हात पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. थंडीत कुरव आणि सुरय या पाहुण्यांचे थवे वाळूवर बसलेले असतात. त्यांच्यातून कयाक घालून थवा उडवण्याची हौस काही जणांना असते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुन्हा उठवून काय मिळतं, कळत नाही.

खाडीत

खाडी सगळ्यात हळू करायची. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी शिरा, काठाने वर जा, पाणी थांबेल तेव्हा तुम्हीही थांबा आणि ओहोटी लागताच बाहेर निघा. त्या परतीच्या वाटेवरच मजा आहे, कारण काठाचा चिखल बोटभर उघडा पडू लागतो आणि लपलेलं सगळं बाहेर येतं.

पहिल्यांदा निवट्या. बोटाएवढे मासे, डोळे डोक्यावर बसवल्यासारखे, चिखलावर पुढच्या परांनी कोपरावर रांगतात. कल्ल्यांत पाणी धरून ठेवतात आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतात, म्हणून पाण्याबाहेर राहू शकतात. अधूनमधून एका कुशीवर लोळून अंग ओलं करतात, ते पाहायला दोन मीटरवर पाच मिनिटं निश्चल बसावं लागतं. त्यांच्या शेजारीच खेकड्यांची बिळं. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी. ती वर-खाली हलवत तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दम देतो. तुमची सावली चिखलावर पडली की क्षणात सगळी बिळात. सूर्य कुठे आहे ते पाहून कयाक लावा.

झाडंही बघा. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं दिसली तर ते तिवर किंवा चिपी. ही मुळं श्वासासाठी. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, खारट लागेल, कारण ते झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. खोडातून कमानींसारखी मुळं पाण्यात उतरलेली असतील तर तो कांदळ. त्याला लटकणाऱ्या लांब हिरव्या शेंगांसारख्या वस्तू म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं, खाली पडून चिखलात उभी राहतात. ओढ वाढली म्हणून या मुळांना हाताने धरू नका. पाण्याखालच्या भागावर कालवांचा थर असतो आणि तळहात फाटतो. वल्ह्याच्या पात्याने अलगद दूर ढकला.

आवाजाकडे लक्ष द्या. खाडीत पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. छोटा निळा खंड्या शिट्टीसारखा बारीक आवाज करत पाण्याला चिकटून बाण सुटावा तसा जातो. काळ्या टोपीचा, लाल चोचीचा खंड्या थंडीत कांदळवनात येतो आणि तो जास्त लाजाळू. काठावर शेपटी सारखी खाली-वर करत चालणारा तपकिरी-पांढरा पक्षी म्हणजे तुतारी.

डॉल्फिन दिसले तर

दिसतील म्हणून निघू नका. किनाऱ्याजवळ दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले करडे डॉल्फिन. ते उथळ पाण्यातच राहतात, म्हणून कयाकवरून दिसण्याची शक्यता असते. उड्या मारत नाहीत फारसे. पाठ वर येते, श्वासाचा फुस्स आवाज होतो, पुन्हा खाली. मिनिटभराने दुसरीकडे.

पाठलाग करायचा नाही. कयाकने करता येतही नाही. थांबा, कयाकच्या बाजूवर वल्ह्याने हलकं टकटक करा, म्हणजे त्यांना तुम्ही कुठे आहात ते कळेल, आणि त्यांना ठरवू द्या. पुढे आडवं जाऊ नका, आई आणि पिल्लाच्या मध्ये शिरू नका. शेपटी पाण्यावर आपटू लागले किंवा बराच वेळ खालीच राहू लागले तर निघा. डॉल्फिन दिसल्यावर चार मोटारहोड्या तिकडे वळल्या असतील तर तुम्ही किनाऱ्याकडे वळा, तिथे कयाकचं काम नाही. ही जात जगभरात धोक्यात आलेली आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात तिला संरक्षण आहे.

पाण्यावर क्षणभर डोकं वर आलं आणि गेलं, तर ते कासव असू शकतं. जवळच्या आगोंद आणि गालजीबागच्या वाळूवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण घातलेली घरटी तिथे पाहता येतात. रात्री टॉर्च घेऊन वाळूवर हिंडणं मात्र बंद.

बिघडलं तर

वाऱ्याने बाहेर नेलं आणि परतता येत नसेल तर कयाक सोडून पोहू नका, कधीच नाही. तिच्यावर बसून राहा, वल्हं उभं धरून हलवा, तीन-तीन शिट्ट्या द्या. किनाऱ्यावरून मोकळं डोकं दिसत नाही, केशरी-पिवळी कयाक दिसते. फोन लागत असेल तर ११२, किंवा तटरक्षक दलाचा १५५४. वीज चमकली की लगेच वाळूवर.

जेलीफिश डसली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे हाताला कापड गुंडाळून अलगद काढा. वाळूने चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. मग जीवरक्षकाकडे जा. सोसवेल इतक्या गरम पाण्याने वेदना कमी होते. श्वास जड झाला किंवा चक्कर आली तर १०८. उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून न टाकता वाळूतून घासत चाला, म्हणजे वाळूत दबून बसलेला पाकट मासा आधीच सरकतो. कालवाने कापलं तर जखम छोटी दिसली तरी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, आत कवचाचा तुकडा राहिला तर पिकते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर काणकोणच्या बाजारगावात, चावडीवर, दवाखाने आहेत.

परतल्यावर, आणि पुढे

वाळूच्या अलीकडे लाट फुटत असेल तर एक लाट जाऊ द्या आणि तिच्या पाठीवरून सरळ या. कयाक थांबल्यावर तिच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उतरू नका, पुढची लाट तीच कयाक तुमच्या नडगीवर आणून आपटते. दुर्बीण ओल्या फडक्याने पुसण्याआधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा, नाहीतर भिंगावर चरे पडतात. पाहिलेले पक्षी विसरण्याआधी वहीत किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका; वेळ आणि भरती चढती होती की उतरती, हेही लिहा. दोन-तीन सकाळी लिहिलंत की कोणता पक्षी पाण्याच्या कोणत्या पातळीला कुठे असतो, ते तुमचं तुम्हालाच दिसू लागेल.

गोव्यापर्यंत जाणं जमत नसेल तर सिंधुदुर्गात देवबागमागचं कर्ली नदीचं पाणी याच पद्धतीने करता येतं, फक्त संगमाच्या तोंडाशी जायचं नाही, तिथली ओढ वेगळी. आणि वल्हवण्याआधी कांदळवन नुसतं समजून घ्यायचं असेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून फेरी घडवतात. त्या स्वतःच वल्हवतात, आणि हात चालू असतानाच झाडांची नावं सांगतात. भरतीची वेळ तिथेही आधी विचारून जा.